पाऊण इंचाचा फरक: इलेक्ट्रिक गिटारचे लाकूड आणि स्केल कुठून आले

इलेक्ट्रिक गिटार खास मागणीवरून बनवून घ्यायची म्हटली, की कारागीर सुरुवातीलाच दोन गोष्टी विचारतो: लाकूड कोणते आणि स्केल, म्हणजे तारेची लांबी, किती. उत्तरे बहुतेकांना पाठ असतात. ॲश खणखणीत, महोगनी भरदार. साडेपंचवीस इंची स्केल ताठ, पावणेपंचवीस इंची मऊ. यातला स्केलचा भाग गणितातून आला आहे. लाकडाचा बराचसा भाग मात्र कॅलिफोर्निया आणि मिशिगनमधल्या दोन कारखान्यांच्या त्या त्या वेळच्या सोयीतून आला, आणि ती सोयच पुढे नादाचे शास्त्र म्हणून सांगितली जाऊ लागली.

मुळात बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच. जॉर्ज बोशाँ आणि अडॉल्फ रिकेनबाकर यांनी लॉस एंजेलिसमध्ये 1931-32च्या सुमारास काढलेले वाद्य ओतीव ॲल्युमिनियमचे होते. गोल बॉडी आणि लांब दांडा यांमुळे त्याला ‘फ्राइंग पॅन’ असे नाव पडले. ते मांडीवर आडवे ठेवून पट्टीने वाजवायचे. मंचावरच्या दिव्यांच्या उष्णतेने धातू प्रसरण पावे आणि सूर हलत. म्हणून कंपनीने पुढे बेकेलाइटची बॉडी काढली. आवाज तारेच्या कंपनातून आणि चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यातून येतो, पोकळ पेटीची गरज नाही, हे तिथेच सिद्ध झाले होते. 1940च्या सुमारास लेस पॉल या वादकाने न्यूयॉर्कमध्ये पाइनच्या चौकोनी ठोकळ्यावर तारा आणि पिकअप, म्हणजे तेच चुंबक आणि वेटोळे, बसवले. गिटारसारखे दिसावे म्हणून दोन्ही बाजूंना एका जुन्या गिटारचे अर्धे अर्धे पंख चिकटवले. ते पंख फक्त दिसण्यापुरते होते, नाद सगळा ठोकळ्यातल्या तारांचाच.

लिओ फेंडर यांचा कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचा धंदा होता आणि ते स्वतः गिटार वाजवत नसत. 1950-51मध्ये त्यांनी बाजारात आणलेल्या गिटारकडे, म्हणजे आजच्या टेलिकास्टरकडे, वाद्य म्हणून पाहण्याआधी कारखान्यातला माल म्हणून पाहावे. सुरुवातीचे नमुने पाइनचे, मग बॉडी ॲशची. नेक, म्हणजे दांडा, अखंड मेपलची; वेगळा फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटांखालची पडद्यांची पट्टी, नाहीच. नेक बॉडीला चार स्क्रूंनी जोडलेली, म्हणजे खराब झाली तर काढायची आणि दुसरी लावायची. गिटार घडवणाऱ्या जुन्या कारागिरांना हे सुतारकामही वाटले नसेल. पण सपाट फळी, लाकूड कोरायचे राउटर यंत्र आणि स्प्रे गन एवढ्यावर माल निघत होता, आणि फेंडरना तेवढेच हवे होते.

1954ला स्ट्रॅटोकास्टर आली तीही ॲशमध्येच. 1956च्या सुमारास मात्र बहुतेक बॉडी ऑल्डरच्या होऊ लागल्या. ऑल्डर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर मुबलक, स्वस्त, आणि त्याची रंध्रे बारीक. ॲशची रंध्रे मोठी, रंगाआधी ती पुटीने भरावी लागतात. ऑल्डरवर हे काम बरेच वाचते. ज्यात लाकडाच्या रेषा दिसायला हव्यात अशा फिक्या, अर्धपारदर्शक रंगासाठी तेवढी ॲश ठेवली. म्हणजे आज ज्या दोन लाकडांच्या आवाजांवरून रात्र रात्र वाद चालतात, त्यांची वाटणी तेव्हा रंगकामाने केली होती. फ्रेटबोर्डाचेही तसेच. मेपलवरचे लॅकर बोटांनी झिजून काळे डाग पडत, दिसायला वाईट दिसे. 1958-59पासून फेंडरच्या गिटारवर गडद रोझवुडचा बोर्ड आला. त्यावर मळ दिसत नाही.

मिशिगनमधल्या कॅलामाझूची गिब्सन कंपनी दुसऱ्या टोकाची. कोरीव घुमटदार गिटारांची तिची परंपरा, त्या कामाची यंत्रे आणि माणसे तयार. कंपनीप्रमुख टेड मॅकार्टी यांच्या कारकिर्दीत 1952ला लेस पॉलच्या नावाने गिटार काढली, तेव्हा फेंडरला सहज करता येणार नाही असे काहीतरी करणे हा धंद्याचा भाग होता. कोरीव मेपलची टोपी, खाली महोगनी, आणि नेकही महोगनीची, सरसाने सांधलेली. नुसत्या मेपलची बॉडी खांदा मोडेल इतकी जड होते, महोगनीने वजन आटोक्यात येते. ती मेपल सुरुवातीला सोनेरी रंगाखाली झाकलेलीच होती. 1958ला पारदर्शक लालसर रंग दिल्यावर रेषा दिसू लागल्या. तरी खप वाढेना, आणि 1961पर्यंत तो आकार बंद करून पातळ महोगनीचा नवा आकार आणला. 1960च्या दशकात ब्रिटिश ब्लूज वादकांनी जुन्या गिटार उचलल्या तेव्हा मागणी इतकी उसळली की 1968ला कंपनीला जुना आकार परत काढावा लागला. ‘महोगनीवर मेपल’ हे सूत्र पवित्र झाले ते त्यानंतर.

स्केल म्हणजे नटपासून (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) ब्रिजपर्यंत (बॉडीवर तारा टेकतात तो आधार) तारेची मोकळी लांबी. फेंडरची 25.5 इंच, गिब्सनची 24.75. अंतर पाऊण इंच, म्हणजे सुमारे 19 मिलिमीटर. पण जुन्या गिब्सनला टेप लावली तर 24.75 मिळतच नाही, साडेचोवीसच्या थोडे वर कुठेतरी काटा थांबतो. याचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच्या एका युक्तीत सापडते. गॅलिलिओचे वडील व्हिन्सेंझो गॅलिली यांनी 1581मध्ये ल्यूट या जुन्या तंतुवाद्याच्या पडद्यांसाठी 18:17चे प्रमाण सुचवले: उरलेल्या लांबीचा अठरावा भाग पुढे सरकायचे आणि पडदा बसवायचा. अचूक भाजक 17.817 आहे. पण हाताने आखणाऱ्या कारागिराला 18 सोपा, म्हणून तो शतकानुशतके चालला. 24.75 इंचांवर हा नियम लावून बारावा पडदा काढा, तो 12.28 इंचांवर येतो. बारावा पडदा तारेच्या मध्यावर असायला हवा, म्हणून दुप्पट केले की 24.57. जुन्या गिब्सनवर टेप दाखवते ते जवळपास हेच. कागदावरचा आकडा तसाच राहिला आणि लाकूड आपल्या मापाने चालत राहिले. गिटारच्या इतिहासातली ही माझी सगळ्यात आवडती विसंगती आहे. बदली नेक मागवणाऱ्याला मात्र तिचा ताप होतो, कारण पडदे एका मापाचे आणि ब्रिज दुसऱ्या जागी असेल तर गिटार कधीच सुरात लागत नाही.

तार तीच आणि सूर तोच असेल तर ताण लांबीच्या वर्गाप्रमाणे बदलतो. 24.75वरून 25.5वर गेले की ताण साधारण 6 टक्क्यांनी वाढतो. नटपासून पहिल्या पडद्याचे अंतर जेमतेम एक मिलिमीटरने. ऐकायला किरकोळ, पण तार खेचून सूर चढवताना बोटाला हे 6 टक्के कळतात. 1950च्या दशकात तारा जाड असत, तिसरी तारसुद्धा गुंडाळीची, त्यामुळे तेव्हा कोणतीही गिटार मऊ लागत नसे. 1960च्या दशकात बारीक तारांचे तयार संच मिळू लागले आणि ‘मऊ’, ‘ताठ’ ही भाषा त्यानंतर रुळली.

या दोन आकड्यांच्या बाहेरही बरेच काही झाले. फेंडरने 1956ला शिकाऊंसाठी 22.5 इंची गिटार काढल्या, 1962ची जॅग्वार 24 इंची. पॉल रीड स्मिथ यांनी 1985ला कंपनी काढली तेव्हा 25 इंच निवडले, दोघांच्या मधले. 1989ला राल्फ नोवाक यांना तिरक्या पडद्यांचे पेटंट मिळाले. त्यात खर्जाची तार लांब आणि वरची आखूड. सोळाव्या शतकातल्या काही तंतुवाद्यांत ही कल्पना होतीच. हेवी मेटल संगीतवाल्यांनी सूर उतरवायला सुरुवात केली तशी 27 इंची गिटारची मागणी वाढली. इथे हिशेब करून पाहावा. ई सुराची तार बीपर्यंत उतरवली की ताण 56 टक्के उरतो. स्केल 25.5ऐवजी 27 केली तर त्या उरलेल्या ताणात भर पडते फक्त 12 टक्क्यांची. बाकी जाड तारेनेच भरून काढावे लागते. नुसती लांब गिटार घेऊन तार जुनीच ठेवणाऱ्याची निराशा ठरलेली.

मग लाकडाने काहीच होत नाही का? होते, पण दुकानात सांगतात तसे नाही. नेथन डॅनियल यांच्या डॅनइलेक्ट्रो गिटारांची बॉडी पाइन-पॉप्लरच्या चौकटीवर हार्डबोर्ड चिकटवलेली असे. त्या सिअर्स या अमेरिकी कंपनीच्या दुकानांतून स्वस्तात विकल्या गेल्या आणि त्यांचा आवाज आजही लोक शोधत येतात. दुसरीकडे, नेकचे स्वतःचे कंपन एखाद्या सुराशी जुळले तर तो सूर लवकर मरतो, बऱ्याच गिटारवर एखाद्या तारेला असा एक पडदा सापडतो. तिथे नेकच्या लाकडाचा ताठपणा आणि वजन थेट गुंतलेले असते. म्हणून बॉडीपेक्षा नेकच्या लाकडावर पैसा खर्च करावा, असे माझे मत. सरळ रेषांचे, नीट सुकवलेले लाकूड, मग ते मेपल असो वा महोगनी. बॉडीच्या लाकडाने मुख्यतः वजन, तोल आणि रूप ठरते. चार किलोंचे ओझे तीन तास खांद्यावर घेणाऱ्याला वजनाचे महत्त्व सांगायला नको.

आता लाकूड निवडताना कायदाही लागतो. रोझवुडचा बोर्ड म्हणजे आधी ब्राझीलचे झाड. ते दुर्मिळ होत गेले तसे 1960च्या दशकाच्या अखेरीस मोठ्या कंपन्या भारतीय रोझवुडकडे वळल्या. ते आपले शिसव, सह्याद्रीच्या जंगलातले, ज्याचे पलंग आणि झोपाळे जुन्या वाड्यांत अजून दिसतात. ब्राझिलियन रोझवुडचा व्यापार 1992पासून साइट्स, म्हणजे धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जवळजवळ बंदच आहे. 2011ला अमेरिकी सरकारने गिब्सनच्या कारखान्यांवर छापे घातले. त्यात वाद भारतीय लाकडाचा होता: भारतातून आलेल्या फ्रेटबोर्डाच्या पट्ट्या तयार माल की नुसते चिरलेले लाकूड? चिरलेल्या लाकडाच्या निर्यातीला भारताची बंदी आहे. 2012च्या तडजोडीत मादागास्करच्या एबनी लाकडाच्या वेगळ्या प्रकरणापायी कंपनीने 3 लाख डॉलर दंड भरला, भारतीय लाकूड मात्र तिला परत मिळाले, कारण त्या वर्गवारीत खुद्द नियमांतच गोंधळ असल्याचे मान्य झाले. जानेवारी 2017ला रोझवुडच्या सगळ्या जाती साइट्सच्या यादीत आल्या आणि वादकांना गिटार घेऊन सीमा ओलांडायची धास्ती वाटू लागली. नोव्हेंबर 2019पासून तयार वाद्यांना सूट मिळाली. ब्राझिलियन रोझवुडला ती नाही. आणि परदेशातल्या कारागिराने शिसवाची कच्ची पट्टी मागवली, तर परवान्याचे कागद लागतातच.

ॲशचीही वेळ भरत आली आहे. मिसिसिपीच्या पुराच्या पाण्यात वाढलेली हलकी ॲश फेंडरची आवडती. झाडे पोखरणारा हिरवा भुंगा अमेरिकेत पहिल्यांदा 2002ला मिशिगनमध्ये सापडला, तो दक्षिणेकडे पसरत गेला. वर पुरामुळे लाकूडतोडही लांबत राहिली. 2020ला फेंडरने नेहमीच्या बहुतेक गिटारांतून ॲश काढून टाकत असल्याचे जाहीर केले. आज खास मागणीवर बनवणारा कारागीर ॲशचा भाव सांगताना थोडा थांबतो आणि बहुधा ऑल्डरच सुचवतो.