बेल ग्लेड

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील फ्लोरिडा राज्याच्या पाम बीच परगण्यातील शेतीप्रधान शहर. लोकसंख्या १६,६९८ (२०२०). ओकीचोबी सरोवराच्या आग्नेय काठी ते वसले आहे. किनाऱ्यावरच्या धनाढ्य पाम बीचशी त्याचे साम्य एवढेच, की दोघांचा परगणा एक. ‘तिची माती हेच तिचे धन’ हे शहराचे ब्रीद असून ते शब्दशः खरे आहे. मात्र हे धन दरवर्षी थोडेथोडे कमी होत आहे.

येथील काळ्या मातीला स्थानिक लोक ‘मक’ म्हणतात. दख्खनच्या काळ्या मातीशी तिचे नाते नाही. ती खडकाच्या झिजेतून तयार झालेली नसून पाण्याखाली हजारो वर्षे कुजत साठलेल्या सॉग्रास गवताची आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गव्हर्नर नेपोलियन बोनापार्ट ब्रॉवर्ड (नाव खरेच असे होते) यांनी एव्हरग्लेड्सची दलदल कालवे खणून आटवण्याचा ध्यास घेतला. त्यातल्याच हिल्सबरो कालव्याकाठची वस्ती म्हणजे आजचे बेल ग्लेड. सॉग्रासच्या जमिनीत सुरुवातीला पिके खुरटत. मातीत तांब्याची उणीव आहे आणि मोरचूद टाकल्यास पीक तरारते, हे येथील संशोधन केंद्राने १९२७ मध्ये दाखवले आणि शेतीला खरा जोर आला.

पण ती माती पाण्याखाली होती म्हणूनच टिकली होती. निचरा होऊन हवा लागताच जीवाणू तिचे विघटन करतात. १९२४ मध्ये संशोधन केंद्राच्या आवारात सुमारे २.७ मी. लांबीचा एक खांब तळच्या चुनखडकापर्यंत रोवला, तेव्हा त्याचे टोक जमिनीशी समतल होते. आज तो १.८ मी.हून अधिक उघडा पडला आहे. पडीक शेतांत उन्हाळ्यात पाणी साठवून भात घेतल्याने झीज मंदावते, थांबत नाही.

१९२८ च्या एप्रिलमध्ये वस्तीला शहराचा अधिकृत दर्जा मिळाला आणि त्याच वर्षी १६ सप्टेंबरला चक्रीवादळाने सरोवराचे पाणी दक्षिणेकडे लोटले. काठचा मातीचा ठेंगणा बांध फुटला. किमान २,५०० माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय शेतमजूर होते, कित्येक बहामा बेटांतून आलेले. शेजारचे चोझन गाव पुसले गेले. मृत्यूनंतरही वर्णभेद सुटला नाही: वेस्ट पाम बीचमध्ये गोऱ्यांसाठी शवपेट्या होत्या, तर ६७४ कृष्णवर्णीयांना एकाच खड्ड्यात पुरले आणि त्या जागेवर कित्येक दशके साधी खूणही नव्हती. त्यानंतर सरोवराभोवती हर्बर्ट हूवर बांध उभा राहिला. त्याची लांबी सुमारे २३० किमी. आहे. त्यामुळे बेल ग्लेड सरोवराकाठी असले, तरी शहरातून सरोवर दिसत नाही. त्यासाठी बांधावर चढावे लागते.

१९६० नंतर क्यूबाची साखर अमेरिकेत येणे बंद झाले आणि येथील ऊस झपाट्याने वाढला. १९६० मध्ये स्थापन झालेल्या ऊसउत्पादकांच्या सहकारी संस्थेचा साखर कारखाना येथे आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे चित्र ओळखीचे वाटेल. तोडणी मात्र अनेक दशके जमैका व इतर कॅरिबियन बेटांतून हंगामापुरत्या आणलेल्या मजुरांकडून होई. १९९० च्या दशकात यंत्रे आली. तोडणीपूर्वी पाचट जाळण्याची पद्धत अजून चालू असून हिवाळ्यात घरांवर, गाड्यांवर उडून बसणाऱ्या राखेला लोक ‘काळा बर्फ’ म्हणतात. हिवाळी भाजीपाला, गोड मका व घेवडा हीही महत्त्वाची पिके आहेत. परगण्याच्या किनारी भागाच्या मानाने शहर फार गरीब आहे आणि मातीतून निघणारा पैसा मजुरांपर्यंत क्वचितच पोहोचला, हे त्याचे मुख्य कारण मानावे लागते.

प्रवाशांसाठी येथे थाटमाट नाही. लॉरेन्स ई. विल संग्रहालयात येथे पहिली वस्ती झाली त्या काळातील वस्तू व वादळाची माहिती मिळते. ग्रंथालयासमोर लाटेपासून पळणाऱ्या कुटुंबाचे शिल्प आहे आणि ते आवर्जून पाहावे. बांधापलीकडच्या टोरी बेटावर मासेमारी, तंबूत मुक्काम आणि पक्षिनिरीक्षण करता येते. तेथे नेणारा फिरता पूल हाताने फिरवून होड्यांना वाट देतात. अमेरिकन फुटबॉलच्या शौकिनांना मात्र हे गाव वेगळ्याच कारणाने ठाऊक असते. फ्रेड टेलर, सँटोनियो होम्स यांच्यासह अनेक व्यावसायिक खेळाडू येथील ग्लेड्स सेंट्रल शाळेतून पुढे आले. जळत्या उसातून उधळणारे ससे धावत पकडणे हा येथील मुलांचा जुना खेळ, आणि पायांतला वेग त्यातूनच येतो असे गावकरी छातीठोकपणे सांगतात. शेजारच्या पहोकी शाळेशी दरवर्षी होणाऱ्या सामन्याला ‘मक बोल’ असे नाव आहे.