विनाअनुदानित शाळा (महाराष्ट्र)

ज्या खाजगी शाळेला शिक्षकांच्या पगारासाठी सरकारकडून एक रुपयाही येत नाही आणि सगळा गाडा पालकांच्या फीवर चालतो ती विनाअनुदानित शाळा. २०१२ च्या वेगळ्या कायद्याखाली परवानगी मिळालेल्या शाळांना स्वयंअर्थसहाय्यित म्हणतात, पण बोलताना सरसकट सगळ्याच "प्रायव्हेट". बोर्ड एसएससी, सीबीएसई, आयसीएसई कुठलंही असू शकतं.

शाळा कागदोपत्री कुणा एकाच्या मालकीची नसते, ती चालवते संस्था, म्हणजे नोंदणीकृत ट्रस्ट, सोसायटी नाहीतर कंपनी. मुख्याध्यापक रोजचं बघतात पण पैशाचे निर्णय संस्थाचालकांकडे. सुप्रीम कोर्टाने २००२ च्या टी. एम. ए. पै निकालात सांगितलंय की शाळेच्या वाढीसाठी वाजवी शिल्लक ठेवा, नफेखोरी आणि डोनेशन चालणार नाही.

आता फी, जिथे पालक सगळ्यात जास्त अडतात. फी नियमनाचा कायदा २०११ चा, लागू झाला २०१४ मध्ये. त्यानुसार पीटीए म्हणजे पालक-शिक्षक संघ करायचा आणि त्यातून कार्यकारी समिती काढायची, तीही चिठ्ठ्या टाकून, मॅनेजमेंटने आपली माणसं निवडून नाही. मुख्याध्यापक अध्यक्ष, उपाध्यक्ष मात्र पालक. नवीन वर्षाच्या सहा महिने आधी संस्थेने फीचा प्रस्ताव समितीपुढे ठेवायचा, ट्यूशन फी, टर्म फी, लायब्ररी, लॅब, जिमखाना सगळं धरून, आणि मंजूर झालेली फी दोन वर्षं बदलता येत नाही. ती नोटीस बोर्डावर मराठीतही लावावी लागते. मतभेद मिटला नाही तर प्रकरण विभागीय शुल्क नियामक समितीकडे जातं. एवढा हक्क हातात असून बरेच पालक जूनमध्ये थेट पावती बघतात आणि मग चिडतात, तोपर्यंत फी ठरून गेलेली असते, म्हणून चिठ्ठीत नाव आलं तर त्या मीटिंगला जायलाच हवं.

शिक्षकांच्या नोकरीला १९७७ चा सेवाशर्तींचा कायदा विनाअनुदानित शाळेतही लागू आहे. तरी पगार पूर्ण मिळत नाही ही तक्रार जुनीच, आणि भरमसाठ फी घेऊनही असं होत असेल तर तो सरळ अन्याय आहे.

आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायदा, २००९ प्रमाणे प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना, ऑनलाइन लॉटरीने, फी सरकार भरणार (अल्पसंख्याक शाळा यातून वगळल्यात). फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने नियम बदलला की एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी शाळेला या जागा ठेवायची गरज नाही, पालक कोर्टात गेले आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने तो बदल रद्द केला, त्यामुळे या जागा परत मिळाल्या.