पार्श्वभूमी : नाईल रॉजर्सचं १९८३ साल

१९८३ साली गिटारवादक नाईल रॉजर्सचा हात लागलेले दोन अल्बम आले. एक त्याच्या स्वतःच्या नावावरचा पहिलाच, ‘ॲडव्हेंचर्स इन द लँड ऑफ द गुड ग्रूव्ह’. दुसरा ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीचा ‘लेट्स डान्स’, रॉजर्स त्याचा सहनिर्माता. बोवीचा अल्बम त्याच्या कारकिर्दीतला सर्वाधिक खपाचा ठरला. रॉजर्सचा मात्र पडला. बोटं तीच होती, मग असं का?

रॉजर्स न्यूयॉर्कचा, जन्म १९५२चा, कान जॅझवर तयार झालेला. १९७०मध्ये बेसवादक बर्नार्ड एडवर्ड्स भेटला आणि जोडी जमली. जॅझची पोकळ गिटार सोडून फेंडर स्ट्रॅटोकास्टर ही भरीव इलेक्ट्रिक गिटार घे, हा आग्रह बर्नार्डचाच. ‘चकिंग’ही त्यानेच दाखवलं. उजवा हात आवर्तनाच्या सोळा भागांवर अखंड खालीवर फिरतो, डावा क्षणभर तारा दाबतो आणि लगेच ढिला पडतो. दाबला की स्वर, सोडला की नुसतं ‘चक्’. तबल्याचे खुले-बंद बोल कानात असतील त्यांना हे पटकन कळेल. त्यातही पूर्ण कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारा स्वरांचा गुच्छ, क्वचितच. बारीक तीन-चार तारांवर काम, म्हणजे खालची जागा बर्नार्डच्या बेसला मोकळी.

यातून शीक हा डिस्को बँड उभा राहिला. १९७८मध्ये ‘ल फ्रीक’ अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, ऑगस्ट १९७९मध्ये ‘गुड टाइम्स’. पण त्याच्या महिनाभर आधी, १२ जुलैला, शिकागोच्या कोमिस्की पार्कवर बेसबॉलच्या दोन सामन्यांमधल्या वेळात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवला गेला होता. काळ्या, लॅटिन आणि समलिंगी लोकांनी वाढवलेल्या संगीतावरचा तो राग आठवला की आजही अस्वस्थ व्हायला होतं. ‘गुड टाइम्स’नंतर शीकचं एकही गाणं त्या यादीच्या पहिल्या चाळिसात आलं नाही.

काम मात्र थांबलं नाही. १९८०मध्ये दोघांनी गायिका डायना रॉसचा अल्बम केला. बोवीने ‘लेट्स डान्स’ या गाण्याची चाल ऐकवली तेव्हा ती लोकगीताच्या वळणाची होती, रॉजर्सने तिला नाचता येईल असा ठेका दिला. १९८४मध्ये मॅडोनाचं ‘लाइक अ व्हर्जिन’. १९८५च्या त्याच्या दुसऱ्या एकल अल्बमचीही गत पहिल्यासारखीच झाली. मला वाटतं, हा हात घडलाच दुसऱ्याच्या गळ्याला साथ द्यायला. एकट्याने पुढे उभं राहण्याइतका त्याचा गळा भरीव नव्हता.

एप्रिल १९९६मध्ये टोकियोच्या बुडोकान सभागृहातल्या कार्यक्रमानंतर बर्नार्ड न्यूमोनियाने गेला. २०१३मध्ये डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘गेट लकी’ गाण्यात रॉजर्स जगभर ऐकू आला: तीच पांढरी स्ट्रॅटोकास्टर, बर्नार्डने शिकवलेलं तेच ‘चक्’.