डी-ट्यूनर (पाच तारांच्या बेस गिटारवरील)

डी-ट्यूनर : तंतुवाद्याची एखादी तार वाजवता वाजवता ठरावीक स्वरांतराने उतरवणारी आणि पुन्हा मूळ स्वरावर आणणारी कळीची खुंटी. चार तारांच्या बेसवर ती ‘ई’ची तार ‘डी’वर आणते, म्हणून हे नाव. पाच तारांच्या बेसवर ती बहुधा खर्जाच्या ‘बी’ तारेला बसवतात. तेथे तार ‘ए’वर उतरते, नाव मात्र तेच राहिले आहे.

उगमाविषयी दोन मते आढळतात. वाद्यवृंदातील डबल बेसच्या (खर्जाच्या मोठ्या, उभ्या तंतुवाद्याच्या) ‘ई’ तारेला माथ्यावर वाढीव पट्टी जोडून ती ‘सी’पर्यंत नेण्याची सोय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासूनची मानतात. एका मताने डी-ट्यूनर हा तिचाच वारस होय. हिपशॉट या कंपनीच्या प्रचलित खुंटीचे ‘एक्सटेंडर’ (वाढवणारी) हे नावही तसेच सुचवते. दुसरे मत त्याचे मूळ बँजोमध्ये शोधते. बँजोवादक अर्ल स्क्रग्ज यांनी 1950 च्या दशकाच्या सुरुवातीस वादनाच्या ओघातच तार उतरवण्या-चढवण्यासाठी खास खुंट्या वापरल्या. पुढे बँजोवादक बिल कीथ यांनी 1960 च्या दशकात त्यांचे सुधारित रूप आणले. यांत्रिक दृष्ट्या दुसरे मत अधिक पटते. डबल बेसच्या पट्टीने तारेची लांबी वाढते, ताण जवळपास तोच राहतो. डी-ट्यूनरमध्ये लांबी कायम राहून ताण घटतो. बेससाठीच्या अशा खुंट्या साधारणतः 1980 च्या दशकात रूढ झाल्या.

पाचवी तार म्हणजे खर्जाची ‘बी’, हे समीकरणही फार जुने नाही. फेंडर या गिटार कंपनीने 1965 च्या सुमारास आणलेल्या पाच तारांच्या बेसमध्ये जादा तार वरच्या ‘सी’ची होती. खर्जाची ‘बी’ 1970 च्या दशकाच्या मध्यापासून दिसू लागते. ती आल्यावर ‘डी’ स्वर तिसऱ्या पडद्यावरच मिळू लागला, त्यामुळे ‘ई’ तारेवरच्या कळीची निकड कमी झाली.

कंप्रता ताणाच्या वर्गमूळाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे स्वर दोन अर्धस्वरांनी उतरवला की ताण सुमारे 21 टक्क्यांनी घटतो : ‘बी’ची कंप्रता 30.87 हर्ट्‌झ, ‘ए’ची 27.5 हर्ट्‌झ (पियानोच्या सर्वांत खालच्या पट्टीची). तारेची कंप पावणारी लांबी 34 इंच असलेल्या वाद्यावर 0.130 इंच जाडीच्या तारेत 15 किलोग्रॅमच्या आसपास ताण असेल, तर तो 12 वर येतो. ढिली तार पडद्यांवर खरखरते, आणि बोट दाबल्यावर स्वर जरा चढेच निघतात. उपाय म्हणून 0.135 इंचाची तार किंवा ती लांबी 35 इंच असलेले वाद्य घेतात. दुसऱ्या उपायाने त्याच तारेचा ताण सुमारे 6 टक्के वाढतो.

जुळणी करताना कळ मिटलेली ठेवून खुंटीने ‘बी’ लावतात, मग कळ उघडून अडसराच्या छोट्या स्क्रूने ‘ए’ जुळवतात, आणि दोन्ही स्वर जागेवर येईपर्यंत हे उलटसुलट करतात. नवी तार आधी ताणून घ्यावी लागते. बहुतेक तक्रारींचे मूळ मात्र खुंटीत नसून नटच्या (माथ्याजवळ तारा टेकतात त्या पट्टीच्या) खाचेत असते. जाड तार खाचेत अडकली, तर कळ उघडताना ‘ए’ किंचित चढा राहतो आणि मिटताना ‘बी’ किंचित उतरा. नटमागे तार बोटाने दाबली आणि ‘टक्’ असा आवाज येऊन स्वर सरकला, तर दोष खाचेचाच. ती जरा रुंद करून पेन्सिलीचे शिसे चोळले की बहुधा भागते.

कळ उघडल्यावर त्या तारेवरचे सर्व स्वर दोन पडदे पुढे सरकतात. ‘डी’ पाचव्या पडद्यावर जातो. त्याबदल्यात ‘ए’, ‘ई’, ‘ए’ या तीन तारा एकाच बोटाने आडव्या दाबून षड्ज-पंचम-तारषड्ज मिळतात. बेसवादक मायकेल मॅनरिंग यांच्या झॉन कंपनीच्या बनावटीच्या ‘हायपरबेस’वर एकाहून अधिक तारांना अशी सोय आहे. खरेदीपूर्वी हेडस्टॉकची (खुंट्या असलेल्या माथ्याची) मांडणी पाहावी : डाव्या व उजव्या बाजूच्या खुंट्या वेगळ्या असतात, आणि कळ शेजारच्या खुंटीला अडू शकते.