तळं, नळ आणि बाणांची आकृती: मुलांना पाणी शिकवायला कधी आणि कशी सुरुवात झाली

शाळेत पाण्याबद्दल दोन गोष्टी हमखास शिकवतात. एक, ब्रश करताना नळ बंद ठेवा. दुसरी जलचक्राची आकृती, समुद्र, वाफ, ढग, पाऊस, नदी आणि परत समुद्र, बाण काढा, नावं द्या, झालं. आणि हे दोन्ही तोंडपाठ असलेल्या मुलाला विचारा की तळ्यातल्या दगडाखाली कोण राहतं, तर तो गप्प बसतो. त्यात त्याची काहीच चूक नाही. पाणी जपून वापरणं, पाण्याचं चक्र आणि पाण्यातलं जग हे तीन विषय वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या लोकांनी, वेगवेगळ्या गरजेपोटी शाळेत आणले, आणि त्यांची एकमेकांशी गाठ पडली ती जेमतेम ४०-५० वर्षांपूर्वी. ती गाठ अजून पक्की बसलेली नाही असं मला शिकवताना सारखं जाणवतं, म्हणून मागचं सगळं एकदा लिहून काढतेय.

नदीचं मूळ शोधू नये म्हणतात, पण जलचक्राचा धडा सुरू झाला तो नेमका तिथूनच. कितीतरी शतकं भले भले विद्वान असं धरून चालले होते की नद्यांना एवढं पाणी पुरवायला नुसता पाऊस पुरणारच नाही, समुद्राचं पाणी जमिनीखालून कुठल्यातरी वाटेने डोंगरात चढत असणार. बर्नार्ड पॅलिसी हा फ्रान्समधला मातीची भांडी घडवणारा कारागीर, त्याने १५८० मध्ये लिहून ठेवलं की झऱ्यांचं पाणी हे पावसाचंच. पण आकडे आले १६७४ मध्ये. प्येर पेरो नावाच्या माणसाने फ्रान्समधल्या सेन नदीच्या उगमाकडच्या भागात वर्षाला किती पाऊस पडतो आणि नदीतून किती पाणी वाहून जातं याचा हिशोब मांडला, तर पाऊस नदीच्या साधारण सहापट निघाला. म्हणजे प्रश्नच फिरला, आता नदीला पाणी कुठून येतं हे सोडून बाकीचं पाणी जातं कुठे हे शोधायची वेळ आली. त्याचं निम्मं उत्तर एडमंड हॅलेने, हो तोच धूमकेतूवाला, भांड्यात पाणी ठेवून किती वाफ होते ते मोजून दिलं. पुढे १९३१ मध्ये रॉबर्ट हॉर्टन या अमेरिकन इंजिनियरने हे सगळं एका गोल चक्रात मांडलं, आज पुस्तकात असते ती आकृती त्याच घराण्यातली. या आकृतीकडे शेवटी परत येते, कारण तिच्यात एक मोठी गोष्ट राहून गेली.

आता तळं. माझा सगळ्यात आवडता भाग हाच आहे, आणि शिक्षकांच्या ट्रेनिंगमध्ये याबद्दल कोणी बोलताना मी तरी ऐकलं नाही.

जर्मनीत कील नावाचं बंदर आहे, तिथे कार्ल मोबियस हे प्राणिशास्त्राचे प्रोफेसर होते. त्यांच्यापुढे प्रश्न आला होता तो अगदी व्यवहारातला, ऑयस्टरची, म्हणजे खाण्याच्या शिंपल्यांची शेती किनाऱ्यावर वाढवता येईल का. त्यांनी ऑयस्टरचे थर तपासले आणि त्यांच्या लक्षात आलं की तिथे एकटा ऑयस्टर राहतच नाही, त्याच्यासोबत खेकडे, किडे, शैवाल, दुसरे शिंपले असा अख्खा गोतावळा असतो आणि ऑयस्टर बेसुमार उपसून नेले की त्यांची जागा दुसरेच शिंपले घेतात. या गोतावळ्याला त्यांनी १८७७ मध्ये एक शास्त्रीय नाव दिलं, त्याचा साधा अर्थ जीवांचा समुदाय.

त्याच गावात फ्रीड्रिश युंगं नावाचे शाळामास्तर होते. त्या काळी शाळेत निसर्ग शिकवायचा म्हणजे यादी, प्राण्याचं नाव, पाय किती, दात किती, कुठल्या वर्गातला, घोका आणि म्हणून दाखवा. युंगं मोबियसांच्या व्याख्यानांना जायचे, आणि त्यांना सुचलं की समुद्रात जे आहे तेच गावच्या तळ्यात पण आहे की! १८८५ मध्ये त्यांनी शिक्षकांसाठी पुस्तक काढलं, नावच मुळी गावचं तळं, एक जीवसमुदाय या अर्थाचं. मुलांना तळ्यावर न्या, बदक असं का पोहतं, बेडूकमासा काय खातो, पाण्यातलं झाड माशाला काय देतं आणि मासा झाडाला काय देतो, कोण कोणावर अवलंबून आहे ते बघू द्या, नावं मागाहून येतील. आपण आज ज्याला परिसंस्था म्हणतो ती एका मास्तरांनी गावच्या तळ्यावर मुलांना शिकवायला घेतली होती, तेव्हा इंग्रजीत त्यासाठी शब्दसुद्धा नव्हता, तो आला १९३५ मध्ये. मला हे वाचून खरंच भरून आलं होतं.

अर्थात ते एकटेच होते असं नाही. १८५० मध्ये लंडनमध्ये रॉबर्ट वॉरिंग्टन या केमिस्टने काचेच्या टाकीत सोनेरी मासे, पाण्यातली वनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवून दाखवलं की वनस्पती ऑक्सिजन देते, गोगलगाय सडकी पानं खाते आणि पाणी न बदलताही मासे जगतात, वर्गातल्या प्रत्येक फिशटँकचं मूळ तिथे आहे. अमेरिकेत लुई अगासी यांनी १८७३ च्या उन्हाळ्यात पेनिकीस नावाच्या छोट्याशा बेटावर खास शिक्षकांसाठी शाळा भरवली, बायका आणि पुरुष दोघांनाही घेतलं (त्या काळात हे साधं नव्हतं), सगळ्यांना किनाऱ्यावर नेऊन स्वतःच्या हाताने जीव गोळा करायला लावलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अगासी गेले आणि पुढच्या उन्हाळ्यानंतर ती शाळाही बंद पडली, पण तिथून शिकून गेलेले लोक ती पद्धत घेऊन पसरले. पुढे अमेरिकेतल्याच कॉर्नेल विद्यापीठाच्या ॲना कॉमस्टॉक यांनी १९११ मध्ये शिक्षकांसाठी निसर्ग अभ्यासाचं जाडजूड हँडबुक आणलं, त्यामुळे ओढ्यातले किडे आणि बेडूक प्रायमरीच्या वर्गात पोचले.

पण हे सगळं पाण्यातल्या जीवांबद्दल चाललं होतं, पाणी घाण होतंय त्याचं काय? ते काम सुरू झालं ते लॅबमध्ये. एलेन रिचर्ड्स या अमेरिकेतल्या एमआयटीत शिकलेल्या पहिल्या बाई. त्यांच्या देखरेखीखाली १८८७ पासून मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या पाण्याचे हजारो नमुने तपासले गेले आणि त्यातून जो नकाशा तयार झाला तो मी दरवर्षी मुलांना समजावून सांगते, कारण त्यातली युक्ती फार सुंदर आहे. समुद्राजवळच्या पाण्यात नैसर्गिकरीत्या मीठ जास्त, जसजसं आत जाल तसतसं कमी, म्हणजे कुठे किती असायला पाहिजे हे ठरलेलं. मग एखाद्या ठिकाणी त्याहून जास्त निघालं तर समजायचं की तिथे माणसाचं सांडपाणी मिसळतंय, कारण आपल्या मलमूत्रातून मीठ जातंच. एवढ्या साध्या मापावरून अख्ख्या राज्यात कुठे सांडपाणी मिसळतंय त्याचा माग लागत होता, आणि पाणी कसं तपासायचं हे त्या विद्यार्थ्यांना शिकवतही होत्या.

वर्गात आजही वापरतो ती बरीचशी साधनं त्याच शतकातली आहेत. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या इटालियन धर्मगुरू-शास्त्रज्ञाने पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या पाण्यात सोडून त्या किती खोलवर दिसेनाशा होतात ते मोजलं, गढूळपणा मोजायला दोरी आणि तबकडी एवढंच लागतं. १८८८ ची विंकलरची टेस्ट तर मुलांना जादूच वाटते. बाटलीत पाणी काठोकाठ भरायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, दोन रसायनं घालायची आणि बघायचं, पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी ढग खाली बसतो, नसेल तर पांढराच राहतो. सांडपाण्याच्या तोंडापाशी भरलेल्या बाटलीत तो पांढरा ढग बसताना एकदा बघितला की इथे मासा का जगत नाही हे वेगळं सांगावं लागत नाही. १९०८-०९ मध्ये कोल्कविट्झ आणि मार्सन या दोन जर्मन शास्त्रज्ञांनी उलट बाजूने विचार केला, पाण्यात कोण राहतंय त्यावरून पाणी किती घाण ते ओळखायचं. दगड उलटला आणि खाली मेफ्लाय, स्टोनफ्लाय या स्वच्छ पाण्यातल्या किड्यांची पिल्लं चिकटलेली दिसली तर पाणी बरं, नुसत्याच लाल अळ्या वळवळत असतील तर तिथे ऑक्सिजन फारच कमी.

आणि पाणीबचत? तिचा जन्म ना तळ्यावर झाला ना लॅबमध्ये. ती आली दुष्काळातून, आणि ती आणली पाणीपुरवठा करणाऱ्या खात्यांनी. १९७६ मध्ये ब्रिटनमध्ये एवढा कडक उन्हाळा पडला की काही भागात लोकांना रस्त्यावरच्या नळावरून पाणी भरावं लागलं, सरकारने दुष्काळासाठी खास मंत्री नेमला, आणि थोड्याच दिवसांत पाऊस आला आणि मोहीम थंडावली. कॅलिफोर्नियात १९७६-७७ मध्ये तीच गत. पोस्टर्स, घोषणा, आंघोळ कमी वेळ करा, आणि मग पाऊस, आणि मग विसर. स्वतःचं गोडं पाणी अपुरं असलेल्या सिंगापूरने १९७१ पासून हे धरून ठेवलं, पण असे थोडेच. बचतीचा धडा तहान लागल्यावर आला म्हणून तो घोषणेच्याच भाषेत अडकला असं माझं स्पष्ट मत आहे, त्यात पाणी कुठून येतं हे नाही आणि कोण कोण त्यावर जगतं हे तर नाहीच नाही.

गाठ पडायला सुरुवात झाली ती १९७० च्या दशकात. १९७२ ची संयुक्त राष्ट्रांची पर्यावरणावरची स्टॉकहोम परिषद, मग १९७७ मध्ये युनेस्को आणि युनेपने, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या शिक्षण आणि पर्यावरण संस्थांनी, जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात फक्त पर्यावरण शिक्षणावर घेतलेली परिषद, तिथे ठरलं की नुसती माहिती देऊन भागणार नाही, जाणीव, ज्ञान, दृष्टिकोन, कौशल्य आणि प्रत्यक्ष सहभाग हे पाचही हवेत. कागदावर हे छानच होतं, पण वर्गात उतरलं ते अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये, १९८४ च्या सुमारास. तिथल्या ह्युरॉन नदीवर विंडसर्फिंग करणाऱ्या काही मुलांना कावीळ झाली आणि त्यांच्या हायस्कूलने ठरवलं की नदीचं पाणी आपणच तपासायचं. मिशिगन विद्यापीठाचे विल्यम स्टॅप, तिबिलिसीच्या आधी युनेस्कोत हेच काम करून आलेले, मदतीला आले. ऑक्सिजन, मैल्यातले जिवाणू, पीएच, नायट्रेट, फॉस्फेट, तापमान, गढूळपणा अशा नऊ टेस्ट मुलांनी करायच्या, आकडे मांडायचे आणि मग गावातल्या जबाबदार लोकांपुढे जाऊन बोलायचं. माझ्या दृष्टीने खरा बदल हा होता. मुलगा नदीवर जातो, तिथले किडे बघतो, बाटलीत रसायन घालतो, आणि हे पाणी असं का झालं हे मोठ्यांना विचारतो, तळं, लॅब आणि नळ सगळं एकाच दुपारी. १९८९ मध्ये यातून ग्रीन नावाचं जगभरच्या नद्यांवरच्या शाळांचं जाळं उभं राहिलं. १९८४ मध्येच अमेरिकेतल्याच नॉर्थ डकोटात प्रोजेक्ट वेट सुरू झाला, खेळांतून आणि प्रयोगांतून पाणी शिकवणारा, तोही पुढे अनेक देशांत गेला. समुद्राची पाळी मात्र फार उशिरा आली, समुद्राबद्दल प्रत्येकाला काय माहीत हवं याची सात तत्त्वं २००५ मध्ये अमेरिकेत ठरली, तीसुद्धा शिक्षकांनी आणि शास्त्रज्ञांनी अभ्यासक्रमात समुद्र जवळपास नाहीच म्हणून आवाज उठवल्यावर.

आता ती आकृती. २०१९ मध्ये काही संशोधकांनी जलचक्राच्या ४६४ आकृत्या तपासल्या, पाठ्यपुस्तकांतल्या, शोधनिबंधांतल्या, इंटरनेटवरच्या. त्यातल्या साधारण ८५ टक्के आकृत्यांत माणूसच नव्हता. धरण नाही, बोअर नाही, शेत नाही, गटार नाही! जगात नद्यांतून आणि जमिनीतून उपसल्या जाणाऱ्या गोड्या पाण्यातलं ७० टक्क्यांच्या आसपास शेतीला जातं, शहरं आणि घरं मिळून साधारण १२ टक्के, आणि मुलाला आपण शिकवतो नळ बंद कर. नळ बंद करायलाच हवा, मीही सांगते, पण टोनी ॲलन यांनी १९९० च्या दशकात वस्तूंमध्ये लपलेल्या पाण्याचा विचार मांडला आणि २००२ मध्ये आर्यन हूकस्ट्रा यांनी पाण्याचा ठसा, म्हणजे एखादी वस्तू बनवायला एकूण किती पाणी लागतं ते, मोजायची पद्धत दिली, त्यानंतरही एका कप कॉफीमागे १३० ते १४० लिटर पाणी लागतं हे फार थोड्या वर्गांत सांगितलं जातं. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याची आकृती जगभर वापरली जाते, तिच्यात २०२२ मध्ये शेवटी शेतं, शहरं, कारखाने आणि धरणं आली.

मी गेली काही वर्षं मुलांना आकृती काढायला सांगते तेव्हा ढग आणि समुद्र झाल्यावर शाळेचा नळ आणि शाळेचं गटारही दाखवायला सांगते. नळाचा बाण कुठून आणायचा ते कोणीतरी सांगतं. गटाराचा बाण कुठे न्यायचा तिथे मात्र अख्खा वर्ग अडतो, मग आम्ही वह्या मिटतो आणि बघायला बाहेर पडतो.