डिलोरियनला तारेची घासणी नको

‘स्टेनलेसची गाडी आहे, ओरखडा पडला तर तारेच्या घासणीने घासा,’ हा सल्ला १९८१-८२ च्या डिलोरियन या बिनरंगाच्या स्टेनलेस पत्र्याच्या मोटारीबद्दल अजून फिरतो. अर्धा खरा, म्हणून जास्त घातक. ‘३०४’ या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या या पत्र्याला गंजापासून वाचवतो तो क्रोमियम ऑक्साइडचा अदृश्य थर. साध्या लोखंडी घासणीचे कण पत्र्यात रुततात, मग तेच गंजतात आणि तांबूस ठिपके उठतात. बिचारा पत्रा फुकट बदनाम होतो!

बारीक ओरखड्याला धातूविरहित खरबरीत पॅड चालतो, पण पत्र्यावरच्या मूळच्या बारीक रेघांच्या दिशेनेच, सरळ लांब हाताने. गोल फिरवलात तर तो डाग उन्हात लांबूनही चमकतो. बोटांच्या ठशांना साबण-पाणी पुरतं. ब्लीच मात्र अजिबात नको, त्यातलं क्लोराइड पत्र्याला बारीक खड्डे पाडतं.