थेंब हवेतच वाळतो, तिथं नियम काय करणार

"मास्कची छिद्रं मोठी, विषाणू बारीक, मंग काहून बांधाचं तोंडाले?" हे आमच्याकडे पानठेल्यावर अजूनही ऐकू येतं, आणि बोलणारा अडाणी नसतो, बरेचदा मास्तरच असतो. त्याचे आकडेही खरे आहेत, कोरोनाचा विषाणू साधारण ०.१ मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा हिस्सा) आणि सुती दुपट्ट्याची वीण त्याच्या शेकडो पट मोठी. पण विषाणू तोंडातून सुटा उडत नाही ना, तो थुंकीच्या थेंबात बसून निघतो आणि खरी गंमत त्या थेंबाचीच आहे.

१९३४ साली विल्यम वेल्स या अमेरिकन संशोधकानं त्याचं गणित मांडलं. थेंब बाहेर पडला की दोन गोष्टी एकदमच सुरू होतात, तो खाली पडायला लागतो आणि वाळायलाही लागतो. १०० मायक्रॉनचा थेंब काही सेकंदांत जमिनीवर, विषय संपला. पण १० मायक्रॉनचा क्षणात वाळतो, पाणी उडून जातं, मागं मीठ, प्रथिनं आणि असलाच तर विषाणू, आणि उरलेला कण समजा अडीच मायक्रॉनचा. आता पडण्याचा वेग व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो, म्हणजे व्यास चौथाई झाला की वेग सोळावा हिस्सा. न वाळता १० मायक्रॉनचाच राहिला असता तर दीड मीटरवरून पडायला आठेक मिनिटं लागली असती, वाळलेल्याला दोन तासांच्या वर, तेही हवा अगदी स्थिर असली तर. आणि आपल्या उन्हाळ्यातली कोरडी हवा, वाळायला किती वेळ लागणार!

म्हणून थेंब अडवायचा तर तो ओला आणि मोठा असताना, म्हणजे बोलणाऱ्याच्या तोंडापाशीच. एकदा वाळला की समोरच्याचा दुपट्टा त्याला फारसा थांबवत नाही (एन-९५ चं वेगळं, त्याच्या धाग्यांवर विद्युतभार असतो, तो बारीक कण ओढून धरतो). सगळ्यांनीच बांधा हा नियम त्यातून आला, माझा दुपट्टा तुमच्या कामाचा आणि तुमचा माझ्या. हनुवटीवर बांधलेला कोणाच्याच नाही, तो फक्त दंडाच्या पावतीपासून वाचवायचा.

बाकी सरकारी नियम सगळेच शहाणे होते असं नाही. १८९७ चा, प्लेगच्या वेळचा साथरोग कायदा काढला, गावोगावी रस्त्यांवर हायपोक्लोराइट, म्हणजे जंतू मारायचं क्लोरीनचं औषध, फवारलं, पाठीवर तोच कपाशीवाला पंप, आणि रस्ता काय खोकत होता का? जागतिक आरोग्य संघटनेनंही मे २०२० मध्ये सांगितलं की असं उघड्यावर फवारून फायदा नाही. इकडे आपले लोक कापूर-ओव्याची पुडी हुंगून ऑक्सिजन वाढवत होते. कापरानं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं फक्त, रक्तातला ऑक्सिजन आहे तिथंच राहतो.

लग्नाला ५० आणि अंत्यविधीला २० माणसं, हा आकडा मोजायला सोपा म्हणून आला असावा. पण वावरात निंदण करणाऱ्या बाया आणि दारं लावलेल्या खोलीत तेरवीला बसलेली तेवढीच माणसं, यात जमीन-अस्मानाचा फरक, कारण तो वाळलेला कण खोलीतच फिरत राहतो. खिडकीतला कूलर बाहेरची हवा आत ढकलतो, पण समोरचं दार उघडं असेल तरच ती खोलीतून निघून जाते, आणि कूलर उचलून खोलीच्या मधोमध ठेवला तर तीच हवा पुन्हा पुन्हा फिरते. ते दार उघडं आहे की लावलेलं, हे कलेक्टर साहेबांच्या आदेशात कसं येणार, ते घरातल्यांनीच बघायचं होतं.